आधी भ्या, मग बांधा

सरांच्या खोलीचं दार मी कधी पूर्ण उघडलेलं पाहिलं नाही. पुसदच्या बसस्थानकामागच्या गल्लीत, टायरच्या दुकानावर ती खोली होती. वर जायला लोखंडी जिना. पाय ठेवला की खणाणायचा. खालचा दुकानवाला कितीदा म्हणाला, वेल्डिंग करून देतो, पण सर हात लावू द्यायचे नाहीत. कोण येतंय ते वर कळलं पाहिजे, म्हणायचे. जिना वाजला की दार जरासं किलकिलं व्हायचं, फटीत चष्म्याची एक काच दिसायची आणि आवाज यायचा, "कोण? कोणाकडून आले?"

छोट्या दुकानदारांना वेबसाइट करून देणं हे त्यांचं काम. कुणाच्या नोकरीत नव्हते, एकटेच करायचे. आधी टायपिंगचा क्लास होता. तो बंद पडल्यावर या वयात हे शिकले. आमच्या तांड्यावरच्या चार बाया मिळून आम्ही कशिद्याच्या पिशव्या करायचो, आरसे आणि कवड्या लावून. त्या पुण्या-मुंबईकडं विकायच्या तर वेबसाइट पाहिजे, असं बचत गटातल्या एकीनं सांगितलं आणि सरांचा पत्ता दिला. वर हेही म्हणाली, "काम चांगलं करते थो माणूस. पण डोक्शात थोडी गडबड हाये. घाबरजो नोको."

मी घाबरले नाही. घाबरलेले तेच होते. मला त्यांनी भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः दाराकडं तोंड करून बसले. काय विकता, कितीला विकता, असलं काही विचारलं नाही. पहिला प्रश्न हा, "ताई, तुमच्या धंद्याले सगळ्यात वाईट काय होऊ शकते?"

"कोणी घेणार नाही," मी म्हटलं.

"ते वाईट नाही. ते तर आत्ताबी होऊनच राह्यलं. त्याच्याहून वाईट सांगा."

मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. दिग्रसकडच्या एका मिठाईवाल्याची गोष्ट ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. त्या मिठाईवाल्यानं वेबसाइटचं नाव भाच्याच्या नावानं घेतलं होतं, पासवर्डही भाच्याकडंच. पुढं घरात कशावरून तरी बिनसलं. दिवाळीच्या तोंडावर लोकांनी दुकानाचं नाव दाबलं तर काहीच नाही. सर आवाज एकदम खाली आणायचे. खोलीत आम्ही दोघंच, तरी. "पांढरं पान, ताई. निव्वळ पांढरं. माणूस जिता, दुकान उघडं, पेढे ताजे. अन् त्या पानावर तो कोठीच नाही." भुताची गोष्ट सांगावी तसं सांगायचे. मी त्याच दिवशी वेबसाइटचं नाव माझ्या नावावर घेतलं.

'आधी भ्या, मग बांधा' हे त्यांचं बोलणं. किराणावाला असो, नर्सरीवाला असो, पहिल्या भेटीत हे एकदा तरी यायचंच.

रस्त्यानं पायी चालतानाही ते हेल्मेट घालायचे. पोरं हसायची. मीही एकदा विचारलं तर म्हणाले, "वरून काही पडलं त?" लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर बायकोच्या पाकिटातली लाल टिकली चिकटवलेली. स्वतःचा फोटो कुणाला काढू द्यायचे नाहीत, लग्नातसुद्धा. आहेराच्या वेळी कॅमेरावाला आला की पंगतीत जाऊन बसायचे. आणि दुसऱ्यांच्या वेबसाइटी करणाऱ्या या माणसाची स्वतःची वेबसाइट नव्हती. गिऱ्हाइकं एकमेकांकडून कळून यायची, तेवढी पुरे होती त्यांना.

पण कामात त्यांचं भिणं मोठं कामाचं असायचं. पान तयार झालं की ते स्वतःचा जुना, काच तडकलेला फोन घेऊन बसस्थानकावर जाऊन उभे राहायचे. राळेगावची नाही तर उमरखेडची गाडी लागलेली असायची. कंडक्टर घंटी मारायच्या आत पान उघडलं तर पास. नाही तर परत येऊन फोटो लहान करायचे, रंग कमी करायचे. "गिऱ्हाईक एक पाय पायरीवर ठिवून पाह्यते, ताई. त्याच्यापाशी तुमच्यासाठी टाइम नाही."

आमच्याविषयी म्हणून मी मोठं सुंदर लिहून नेलं होतं. परंपरा, वारसा, संस्कृतीची जपणूक, असं. त्यांनी वाचलं आणि माझ्याकडं संशयानं पाहिलं.

"हे कोण बोलून राह्यलं? तुम्ही असं बोलता?"

"नाही."

"मग कायले लिव्हता? पहिल्या ओळीत सांगा कोण, कोठची, काय करता. माणूस दारात उभा आहे. त्याले गाणं नोका ऐकवू."

धंद्यासाठी सिम वेगळं घ्यायला त्यांनीच लावलं. बाईमाणसानं घरचा नंबर टाकायचा नाही, म्हणजे नाही. तेव्हा मला तो वेडेपणा वाटला होता.

वेबसाइट सुरू झाली, हळूहळू मागणी यायला लागली. पिशव्यांचे फोटो सरांनीच काढले होते, आमच्या ओसरीत, सकाळच्या उजेडात. मागं निळं दार होतं, त्यावर लाल-पिवळा कशिदा खुलून दिसायचा. मला तर तो फोटो फार आवडायचा.

एका दुपारी धंद्याच्या फोनवर मेसेज आला. मला वाटलं मागणी असेल. मेसेजमध्ये एवढंच होतं, "निळं दार छान आहे. दुपारी एकट्याच असता का?"

माझे मालक एसटीत ड्रायव्हर, दिवे लागल्यावर घरी येणारे. तांड्यावरचे लोक वावरात गेलेले. मी मशीनवर बसले होते. उठून दार लावलं, मागचं लावलं, खिडक्या ओढून घेतल्या आणि अंधारात भिंतीला टेकून बसले. रस्त्यानं एक मोटरसायकल गेली. पुढं जाऊन तिचा आवाज थांबला की मलाच ऐकू येईनासा झाला, आजही सांगता येणार नाही. कुणाला फोन करावा कळेना. मालकांना केला असता तर गाडी सोडून धावत आले असते. मी सरांना लावला.

सर आले ते हेल्मेट घालूनच. घरात न येता आधी रस्त्यावर उभे राहिले. हातातल्या फोनमध्ये तो फोटो. एकदा फोटोकडं बघत, एकदा घराकडं. मग दोन पावलं सरकत आणि पुन्हा तेच. शेवटी दाराच्या बाजूच्या विजेच्या खांबापाशी थांबले. खांबावर पांढऱ्या रंगात नंबर लिहिलेला असतो ना, तो फोटोच्या कडेला बारीक दिसत होता. त्या नंबरावरून कुणीही घर शोधून काढू शकत होतं.

मी दार उघडलं.

"चूक माही आहे, ताई," आत आल्यावर ते म्हणाले. "मी दार पाह्यलं, पिशवी पाह्यली. खांबा पाह्यलाच नाही. मी. मी नाही पाह्यला."

पोलिसांत गेलो. मेसेजचा नंबर ज्याच्या नावाचा निघाला तो माणूस केव्हाचाच वारलेला होता. मेसेज कुणी पाठवला, ते आजवर कळलं नाही. बाजारात कुणी जरा जास्त वेळ पाहिलं की मला अजून वाटतं, हाच का?

सरांनी त्या दिवशी माझ्याच घरात बसून सगळं काढून टाकलं. ओसरीचे फोटो पुसले, माझा फोटो पुसला, माझं नाव, गावाचं नाव, सगळं. राहिल्या नुसत्या किमती आणि एक फोन नंबर. त्यांनी घोटून घोटून लिहून घेतलेली पहिली ओळसुद्धा गेली. मग म्हणाले, नवे फोटो तुमच्या घरापासून लांब कुठंतरी काढू.

आमच्यासाठी कशिदा करणारी झमकूबाई दुसऱ्या एका गावाबाहेरच्या तांड्यात राहायची. माझ्या आईच्या वयाची. तिच्याकडं जायचं ठरलं. रविवार होता. सरांच्या स्कूटरवर मी मागं, मांडीवर पिशव्यांचं गाठोडं. तांड्यात पोचलो तर सगळ्या घरांना कड्या. माणसं कापूस वेचायला गेलेली. झमकूबाई दुपारून येईल, असं एका म्हाताऱ्यानं सांगितलं.

"तवरक उजेड जाईन," सर म्हणाले. गावातल्या शाळेची भिंत नुकती चुन्यानं रंगवलेली दिसत होती. तिथं जाऊन त्यांनी खिळ्याला पिशव्या टांगल्या आणि फोटो काढायला लागले.

पोट्टे जमले. एक छोटी मुलगी पिशवीजवळ येऊन आरशात आपलं नाक पाहायला लागली. इतकी गोड दिसत होती. मी पिशवी तिच्या खांद्याला लावली आणि म्हटलं, "सर, हा काढा."

"नाही, ताई. लेकराचा फोटो नाही. कोण्याच लेकराचा नाही."

मी पिशवी परत मागितली तर ती द्यायला तयार नाही. पर्समधली पेपरमिंटची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. त्याच वेळी कोपऱ्यावरून एक बाई डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन येत होती.

"कोन हाये वं थे? माया पोरीले काय देऊन राह्यली?"

माणसं कुठून आली ते कळलं नाही. गल्ली रिकामी होती आणि मग भरली. पोरं पळवणारी टोळी फिरते आहे असा मेसेज त्या दिवसांत सगळीकडं फिरत होता, माझ्याही फोनवर आलेला. पिवळा टी-शर्ट घातलेला एक पोरगा पुढं झाला आणि तोच मेसेज मोठ्यानं वाचायला लागला. एक बाई, एक माणूस. दुचाकीवर येतात. माणूस हेल्मेट काढत नाही. लेकरांना गोळ्या देतात. प्रत्येक वाक्य आम्हाला लागू होत होतं. ऐकता ऐकता क्षणभर मलाच वाटलं, हे आमच्याबद्दलच लिहिलंय.

"हेल्मेट काहाड बे!"

सरांनी दोन्ही हातांनी हेल्मेट धरून ठेवलं होतं. "काढतो, काढतो. हात नोका लावू." कुणीतरी हिसडलं. चष्मा खाली पडला आणि पायाखाली गेला. लॅपटॉप उघडला गेला.

"कॅमेऱ्यावर टिकली काहून लावली?"

"कोणी पाहू नये म्हणून," सर म्हणाले. ते खरंच होतं. गर्दीतून आवाज उठला, तो मी शब्दात सांगू शकत नाही.

पिवळ्या टी-शर्टवाल्यानं सरांचं नाव विचारून फोनवर शोधलं. काही सापडलं नाही. "वेबसाइटवाला म्हनते अन् याचाच कोठी पत्ता नाही!" माझी वेबसाइट उघडली. तिच्यावर ना नाव, ना गाव, ना चेहरा. आम्हीच पुसलं होतं सगळं. "हेबी खोटीच हाये," तो ओरडला आणि त्यानं सरांच्या तोंडात मारली.

मला कुणीतरी विचारलं, कोणत्या गावची. पुसदची म्हटलं. पुसदमध्ये कुठली? तांड्यावरची म्हटल्यावर काही लोकांच्या डोळ्यांत काय होतं, ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. तरी सांगितलं. मागून आवाज आला, "पाह्यलं? फिरस्तेच हायेत! सांगतलं नोतं म्या?"

एका बाईनं माझे केस धरले. तेवढ्यात गावचा पोलीस पाटील गर्दीत घुसला. वयस्कर माणूस, एकटा. "आंदर टाका यांईले! पोलिसाईले फोन केला म्या. थे आल्याशिवाय कोनी हात लावाचा नाही!" ओढत ओढत आम्हाला शाळेच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लागली.

आत फळा होता, त्यावर बेरजा होत्या. खिडकीवर दगड आला, मग दुसरा. बाहेर कुणीतरी रॉकेल म्हणालं. मी तो शब्द स्पष्ट ऐकला. माझ्या डोळ्यांसमोर माझी मुलगी आली, शाळेच्या गणवेशात, बस्स तेवढीच, पुढं काहीच येईना.

सर कोपऱ्यात उकिडवे बसले होते. दात वाजत होते. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता. जन्मभर ज्याला हा माणूस भ्यायचा, तेच दाराबाहेर उभं होतं. मला वाटलं, आता हे मोडतील आणि मग मीही मोडेन.

"ताई," ते म्हणाले. "खिडकीपासून दूर सरका. इकडं या. आता ऐका. कोणी विचारलं त लांब सांगायचं नाही. मेसेजचं सांगायचं नाही, खांब्याचं सांगायचं नाही. पहिल्या ओळीत कोण, कोठची, कायले आली. तुम्हीबी तेच, मीबी तेच. म्हणून पाहा बरं."

मी म्हटलं. आवाज फुटला नाही.

"पुन्हा म्हणा."

त्या खोलीत दगड पडत असताना त्यांनी माझ्याकडून ते वाक्य घोटून घेतलं. मी अमुक, पुसदजवळच्या तांड्यावरची, झमकूबाईकडं पिशव्यांसाठी आली. मी म्हणत होते आणि ते थरथरत मान हलवत होते.

मग बाहेर एक ओळखीचा आवाज आला. चिरका, रागानं फाटलेला. मी ओरडले, "याडी!" आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. झमकूबाई वावरातून आली होती, पाठीवर वेचलेल्या कापसाचं गाठोडं. फटीतून मला दिसलं ते एवढं, की तिनं ते गाठोडं दाराला टेकवलं आणि त्यावर बसली. म्हातारी, किडकिडीत, हातात काही नाही.

"माई पोर हाये आंदर," ती म्हणाली. "लावा आग. मले लावा आधी."

मग पोलीस पाटील खिडकीशी आला. "कोन हा तुमी? एका दमात सांगा." सरांनी सांगितलं, मी सांगितलं. तेच वाक्य. तो वळून झमकूबाईशी बोलला, तिनंही तेच सांगितलं. गर्दी मागं सरकली असं नाही, पण दगड थांबले. पोलिसांची जीप येईपर्यंत झमकूबाई त्या गाठोड्यावरून उठली नाही.

आम्ही वाचलो. गुन्हा नोंदवला गेला, काही जणांना पकडलं, सोडलं. पण त्या दिवशी कुणीतरी व्हिडिओ काढला होता, तो फिरला. लग्नात कॅमेरा दिसला की पंगतीत जाऊन बसणाऱ्या माणसाचा चेहरा, चष्मा नसलेला, तोंडात चपराक बसताना, सगळ्या जिल्ह्यानं पाहिला. सर कितीतरी दिवस खोलीबाहेर निघाले नाहीत. जेवणाचा डबा बायको वर नेऊन द्यायची. मीही मशीनला हात लावला नाही. जिना वाजल्यासारखं मला घरात बसून ऐकू यायचं.

पुन्हा त्यांच्याकडं गेले ते वेबसाइट बंद करून टाका, असं सांगायला. ते ऐकायला तयार नव्हते. "बंद करून कोठी जाल? तेव्हा आपण सगळं पुसलं, त्याच्यानंच त घात झाला. नाव टाका. गाव टाका. खांबा नोका टाकू." असं बोलणं चाललेलं असताना खाली जिना वाजला. हळूहळू, थांबत थांबत.

सरांनी फट उघडली. "कोण? कोणाकडून आले?"

बाहेरून उत्तर आलं नाही. मग त्यांनी दार अर्धं उघडलं आणि मी पाहिलं. पिवळा टी-शर्ट नव्हता, साधा सदरा होता, पण तोच पोरगा. तोंडाला दुपट्टा बांधलेला, तो त्यानं खाली घेतला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

मी उठून भिंतीला लागले. खोलीला दार एकच होतं आणि तो दारात होता.

"सर," तो म्हणाला, "थो व्हिडिओ नेटवरून काढून टाकता येते काजी?"

सरांनी दार धरून ठेवलं होतं.

"त्याच्यात माह्यं थोबाड साफ दिसते. ट्रॅक्टरच्या शोरूममधी होतो, काढून टाकलं. सोयरीक जुळलती, तेबी मोडली. रस्त्यानं गेलो त लोकं फोन काढून पाह्यतात, मी तोच का म्हनून. मायनं खानं सोडलं. म्या लय जनाईले विचारलं. सारे म्हनते, हे काम पुसदमधी एकच मानूस करते." त्यानं सरांकडं पाहिलं. "मले माहीत हाये तुमी कोन हा."

मला वाटत होतं सरांनी त्याला हाकलावं, जिन्यावरून ढकलून द्यावं. सरांनी त्याला खुर्ची दिली, भिंतीकडची. पाणी भरून पेला पुढं केला. अर्धं पाणी टेबलावर सांडलं. त्या पोरानं घाईघाईनं आपल्या दुपट्ट्यानं ते पुसलं.

"पूर्ण निघत नाही," सर म्हणाले. "आधीच सांगतो. जिथं तक्रार करता येते तिथं करू. तिथून निघन. पण कोणाच्या ना कोणाच्या फोनमध्ये राह्यतेच. ते कोणाच्यानं निघत नाही. तुह्यंबी नाही, माह्यंबी नाही."

पोरगा मान खाली घालून रडायला लागला. सरांनी लॅपटॉप उघडला, खुर्ची त्याच्या बाजूला ओढली आणि एकेक ठिकाण शोधून तक्रार भरायला बसले. चष्मा नवा होता, सवय झाली नव्हती, डोळे स्क्रीनच्या अगदी जवळ नेऊन वाचत होते. व्हिडिओ पुन्हा पुन्हा समोर येत होता आणि दर वेळी ते त्यावरून नजर न काढता खालचा पत्ता उतरवून घेत होते. मी बराच वेळ बसले होते.

तो गेला, जिन्याचा आवाज पूर्ण थांबला. मग मला राहवलं नाही. "त्यानं तुमच्या तोंडात मारली. आपल्याला जाळायला निघाले होते ते लोक. कायले मदत केली, सर?"

सरांनी दार लावून घेतलं. पाठ दाराला टेकवली.

"त्या खोलीत आपण दोघं होतो, ताई," ते म्हणाले. "हे पोरगं एकटं आहे."